वेणूच्या अंगात यायचं ते

वेणूचा डावा हात शेगडीतल्या निखाऱ्यांवर पडला होता आणि माजघरात बसलेल्या आम्ही नऊ जणी हात जोडून तिच्याकडे बघत होतो. कोणीही हललं नाही. फुंकायची घागर तिच्या मांडीवरून घरंगळत जाऊन उंबऱ्याला टेकली होती. वेणू एका कुशीवर कलंडलेली, डोळे उघडे पण वर लागलेले, ओठ चपचप हलत होते, आणि हात जळत होता. आत्याबाई म्हणाल्या, "शिवू नका कोणी. आई अंगात आहे." पाणी भरणारी गंगाबाई दारात उभी होती, ती म्हणाली, "माताजी के आंच नी लागे, बई." मनावर गावच्या कमाविसदारांची, म्हणजे तिथल्या वसुली अधिकाऱ्यांची, बायको मुद्दाम गाडी जोडून आली होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पुन्हा विचारलं, "आई, माझी नथ कोणी नेली तेवढं सांग." एका नथीसाठी हे चाललं होतं. धुपाच्या वासात दुसरा वास मिसळला, तो मला कळला, आणि तरी मी हात जोडूनच बसले. किती वेळ, ते सांगता येत नाही. बेचा पाढा म्हणून व्हावा इतका तरी. मग मी उठले आणि वेणूला खांद्याला धरून ओढलं. आत्याबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला, "कार्टे, देवीला विटाळ केलास!" वेणू भानावर आली, आधी माझ्याकडे पाहिलं आणि रोजच्यासारखंच विचारलं, "अक्का, मधे काय झालं ग?" मग तिला हात दिसला आणि ती ओरडली.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि वेणू आठ. घर धारचं. वडील, म्हणजे नाना, संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. नानांची थोरली बहीण लहानपणी विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेली, त्या आत्याबाई. घर त्यांच्या शब्दावर चाले. आई दिवसाकाठी पन्नास शब्द बोलत असेल, त्यातले तीस "हो, वन्सं" असत. खाण्यापिण्याचं बरं होतं. मक्याच्या दिवसांत कणसं किसून त्याचा उपमा होई, थंडीत गंगाबाई शेणीच्या आरावर बाफले, म्हणजे उकडलेले कणकेचे गोळे, भाजून देई आणि आत्याबाई सोवळ्याबाहेर म्हणून ते मागच्या पडवीत खायला लावीत. मला घर आठवतं ते जात्याच्या घरघरीने आणि ओल्या कपाशीच्या काड्यांच्या धुराने. मी मराठी चौथीपर्यंत शिकले, पुढे नाही. तेव्हा हे लिहिणं जसं आहे तसं आहे. माझा नातू हिंदी शाळेत शिकला, तो हे वाचायला घेईल तर जोडाक्षराला अडखळेल. त्याच्यासाठी लिहीत नाही.

वेणूचं मधलं जायचं. आम्ही दोघी तसंच म्हणायचो, दुसरा शब्द आम्हांला ठाऊक नव्हता. आमटीभाताचा घास उचलला की हात अर्ध्यात थांबायचा. दहा आकडे मोजावेत एवढा वेळ ती बाहुलीसारखी बसे, पापण्या लवत, ओठ हलत, आणि मग घास तोंडात जाई, जणू काही झालंच नाही. असं दिवसातून दहादा, वीसदा. आई गोष्ट सांगू लागली की राजा शिकारीला निघे आणि वेणू मधेच विचारी, "पण राणी रडते कशाला?" राजाला वाघाने खाल्लं तेवढंच नेमकं तिचं गेलेलं असे. सगळे हसत. आत्याबाई म्हणत, "ही एक तर मठ्ठ आहे, नाही तर लबाड आहे." ती मठ्ठ नव्हती, हे मी लिहून ठेवते. मठ्ठ पोरीला जमलं नसतं ते ती करी. पाढे म्हणताना दर ओळीला एक बोट मिटी, म्हणजे मधलं गेलं तरी आपण कुठवर आलो ते बोटांवरून कळे. केर, भांडी, वाती हे रोज त्याच क्रमाने करी आणि कोणी क्रम मोडला तर पाय आपटून रडे, कारण क्रम मोडला की तिला धागा सापडत नसे. लोक हसले की तीही हसे, कोणी काही विचारलं की आधी "हो" म्हणे. "विहिरीवर गेली होतीस?" "हो." "आईने पाठवलं?" "हो." आई म्हणे, मी नाही पाठवलं. मग खोटं बोलल्याबद्दल मार. मुलींच्या शाळेत धडा वाचताना ती थांबली की मास्तरीणबाई पट्टी मारीत, आणि पट्टी बसल्यावर ती भानावर येई, त्यामुळे बाईंना वाटे की पट्टीचा गुण आला.

एकदा आम्ही मागच्या पायरीवर वाटाणे सोलत होतो. तिने मला विचारलं, "अक्का, तुझं मधलं किती जातं?"

"कसलं मधलं?"

"अगं, मधलं. मघाशी आई भाकरी थापत होती ना? आणि मग एकदम भाकरी तव्यावर. तव्यावर टाकतानाचं माझं गेलं. तुझं नाही गेलं?"

"माझं नाही जात."

"सगळ्यांचं जातं," ती म्हणाली. "तू थापा मारतेस."

तोवर तिला वाटत होतं की जग असंच असतं, तुकड्यातुकड्यांचं, आणि बाकीची माणसं मधलं ओळखायला जास्त हुशार आहेत. त्या दिवशी तिने सोललेले वाटाणे माझ्या अंगावर फेकले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. चूल पेटवायला तिला फुंकणी दिली की सातव्या-आठव्या फुंकरीला तिचं हमखास जाई. एरवी केव्हाही जाई, पण फुंकणीने न चुकता. म्हणून तिच्या वाटणीची चूल मी फुंकायची. आत्याबाईंना एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "एक कामचुकार आणि दुसरी तिची वकील."

अशा पोरीच्या हाती त्यांनी घागर दिली. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यांत नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मी बसवतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात, आणि दिवे लागल्यावर सवाष्णी आणि पोरी घागरीत धुपाचा धूर घेऊन तिच्या तोंडाशी तोंड नेऊन फुंकतात. घूं घूं असा आवाज साऱ्या घरभर भरतो, तो अजून माझ्या कानात आहे. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवी येते, मग तिला प्रश्न विचारतात. त्या वर्षी कोणाच्याच अंगात आलं नाही. पोरींना गंमत म्हणून घागर दिली आणि वेणूने ती सगळ्या जिवाने फुंकली. घागरीची फुंकर आखूड, म्हणून वीस-पंचवीस फुंकरी लागल्या आणि ती थांबली. डोळे वर, ओठ चपचप. बायका गप्प झाल्या. आत्याबाईंनी कान तिच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, "परतीचा पाऊस येईल का, आई?" नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "येईल म्हणाली." मी शेजारी बसले होते. वेणू काहीही म्हणाली नव्हती. चार दिवसांनी पाऊस आला. परतीचा पाऊस बहुतेक वर्षी येतोच.

माझ्या सासरकडच्या भाचीची मुलगी इंदूरला डॉक्टर आहे. तिला मी हे सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, अशा मुलांच्या डोक्याला तारा लावून तपासतो ना, तेव्हा आम्ही त्यांना मुद्दाम जोरजोरात फुंकायला लावतो. फुंकलं की येतं, म्हणून." म्हणजे जे दवाखान्यात तपासायला एकदा करतात, ते आमच्या घरी पूजा म्हणून करीत आणि नारळ फोडीत.

त्या अष्टमीनंतर आमच्या दाराशी गाड्या थांबू लागल्या. नानांना दफ्तरात कोणी विचारत नसे, आता वरचे अधिकारी "देवीचे वडील" म्हणून रामराम घालीत. आत्याबाईंनी अष्टमीची वाट पाहणं सोडलं आणि दर शुक्रवारी दुपारी घागर काढली. वेणूला आता मठ्ठ कोणी म्हणेना. जेवताना थांबली तर आई पाया पडे. शाळेतून तिचं नाव काढलं, देवीला पाढे कशाला? तिने बोटं मिटायचं सोडून दिलं. मी खोटं लिहीत नाही, मलाही ते आवडत होतं. ओटीतले खण मला मिळत, शाळेत मुली मला पहिल्या ओळीत जागा देत. फुंकणीचं मला माहीत होतं आणि तीन शुक्रवार, चार शुक्रवार, किती तरी शुक्रवार मी खण घेतले आणि बोलले नाही. त्या श्रावणात कमाविसदारीणबाई नथ विचारायला आल्या, तेव्हा देवी दोनदा येऊन लगेच गेली. म्हणून आत्याबाईंनी वेणूला तिसऱ्यांदा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा काय झालं ते वर लिहिलं आहे.

आत्याबाईंनी भाजल्यावर अंगारा लावला. आईने तो त्यांच्यासमोर पुसला आणि खोबरेल लावलं. पाचव्या दिवशी नानांना म्हणाली, "माझा भाऊ आजारी आहे. मी मुलींना घेऊन देवासला जाते." तिचा भाऊ ठणठणीत होता. आईला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बैलांच्या दमणीतून आम्ही निघालो. रस्ताभर वेणूचा हात तिने आपल्या मांडीवर उताणा धरून ठेवला होता. इंदूरला मुक्काम झाला. गाडीवानाने हात पाहून विचारलं, "बई, छोरी के कंई हुयो?" आई म्हणाली, "आम्ही भाजलं, भिया."

देवासला तेव्हा एका गावात दोन दरबार होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याची एक बाजू एकाची आणि समोरची दुसऱ्याची. मामा टेकडीच्या पायथ्याशी राहत आणि सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. हाडकुळे, सतत पान खाणारे. त्यांनी वेणूला काही विचारलं नाही, मला विचारलं. आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी मधलं, बोटं, फुंकणी, सगळं सांगितलं. मामांनी स्वयंपाकघरातून फुंकणी आणली, वेणूच्या हातात दिली, म्हणाले, "बाळ, भिंतीवर फुंक." नवव्या फुंकरीला ती थांबली. मामांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं.

"ताई, हे फेपरं आहे."

"हळू बोल," आई म्हणाली.

"हळू बोललं तरी फेपरंच. अशा चार पोरी येतात आमच्याकडे. डॉक्टरसाहेबांना दाखवू, औषध मिळेल."

औषध बाटलीत होतं, खारट, समुद्राच्या पाण्यासारखं असं मामा म्हणत, समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. महिन्याभरात वेणूचं मधलं दिवसातून दोनदा-तीनदा जाऊ लागलं, मग दोन दिवसांत एकदा. एके दिवशी मामींनी गोष्ट सांगितली आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून वेणू म्हणाली, "एवढी मोठी असते होय गोष्ट!" पण औषधाने तिचं तोंड पुटकुळ्यांनी भरलं, दुपारी बसल्या जागी झोपू लागली, बोलताना लाळ येई. एक देऊन दुसरं घेतलं. हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

नवरात्राला आठ दिवस असताना नाना न्यायला आले. पाय धुतले, गूळपाणी घेतलं आणि म्हणाले, "अष्टमीला वेणू घरी पाहिजे. लोक विचारताहेत."

मामा म्हणाले, "नाना, तिला फेपरं आहे. घागर फुंकली तर ते मुद्दाम आणल्यासारखं होईल. एखाद्या दिवशी थांबणारच नाही."

"शब्द जपून वापरा. देवी म्हटली तर घराला मान आहे. फेपरं म्हटलं तर दोन्ही मुली जन्मभर माझ्या घरात."

"मग राहू देत की घरात."

"तुम्हांला बोलायला काय जातं? तुम्हांला मुलगी नाही."

मी दाराआड होते. मी म्हटलं, "नाना, चूल फुंकली तरी तिला येतं. मग चुलीतपण देवी आहे का?" नानांनी उठून माझ्या मुस्कटात दिली. मग आईकडे वळले, "वेणू येत नसेल तर तूही येऊ नकोस. समजलीस?" आईने वेणूच्या औषधाची बाटली फडताळातून काढली, तिला घोट दिला, बूच लावलं आणि बाटली परत ठेवली. म्हणाली, "समजले." तिच्या तोंडून तेवढंच निघालं. पण नाना रिकाम्या हाताने जाणारे नव्हते, बाप म्हणून त्यांनी वेणूला उचलून दमणीत घातलं असतं तर मामाही अडवू शकले नसते. म्हणून मी म्हटलं, "मला न्या. मी फुंकते." नाना हसले, पण मला घेऊन गेले. आईने मला अडवलं नाही. याचं मला पुष्कळ वर्षं वाईट वाटलं. आता वाटत नाही. तिला दोघी राखता येत नव्हत्या.

अष्टमीला दिवे लागले आणि आत्याबाईंनी माझ्यापुढे घागर ठेवली. वेणूला मी एवढी वर्षं पाहत आले होते, मला सगळं पाठ होतं. पंचवीस फुंकरी, मग थांबायचं, डोळे वर, ओठ चपचप. बायका गप्प झाल्या. आत्याबाई वाकल्या, "आई, धाकटीला घरी कधी आणू?" मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "धाकटीला मी सोडलं. तिला या घरात आणाल तर घर बसेल." आत्याबाईंनी ओळखलं होतं. मग त्यांनी माझा हात उलगडला, तळव्यावर कापराची वडी ठेवली आणि निरांजनाने पेटवली. कापूर हातावर किती वेळ जळतो ते कोणाला माहीत नसेल तर करून पाहावं. मी डोळे वरच ठेवले. कापूर विझला. आत्याबाई माझ्या पाया पडल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "थोरलीवर आईची कृपा झाली." त्यांना देवी हवी होती, कोणाच्या अंगातली हे त्यांना सारखंच.

देवीपुढे खोटं बोलले म्हणून पाप लागलं असेल तर लागो. दोन वर्षं दर शुक्रवारी मी घागर फुंकली, नथा, मुलगे आणि बदल्या सांगितल्या. त्यातल्या अर्ध्या खऱ्या झाल्या, कारण गोष्टी अर्ध्या खऱ्या होतातच. मग कन्नौदला माझं लग्न झालं आणि तिथे कोणाकडे घागर नव्हती. नानांनी वर्षाच्या आत दुसरी बायको केली. आईने धारचा उंबरा पुन्हा पाहिला नाही, माझ्या लग्नालाही तिला बोलावणं आलं नाही. देवासला प्लेग आला त्यात ती गेली, मामीही गेल्या. वेणूचं लग्न कोणी मांडलं नाही. औषधाने तिचं बोलणं जड झालं ते जडच राहिलं, पाढे विसरली. पुढे नवी औषधं निघाली तोवर ती चाळिशीला आली होती. मामांच्या मागे ती माझ्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. फटकन रागवायची, क्रम मोडला की ताट सारायची, माझ्या सुनांना ते आवडत नसे. "आई, मावशींना आश्रमात ठेवू या का?" असं थोरलीने एकदा विचारलं. मी तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

आत्याबाई नव्वदीच्या होऊन, दात शाबूत असताना, झोपेत गेल्या. नाना त्यांच्या आधी गेले. आई तेहतीस वर्षांची होती. वेणू एकाहत्तर वर्षं जगली. मी आहे.